बेल्ट अंगावर आहे, पण हुक कुठे अडकवलाय?

मे महिन्याचा दुसरा पंधरवडा म्हणजे छतावर चढायचे दिवस. कोकणात आगोटीच्या आधी कौलं चाळायची असतात, देशावर पत्र्यांचे सैल झालेले बोल्ट आवळायचे असतात, एमआयडीसीतल्या शेडचे तडकलेले पत्रे बदलायचे असतात आणि शहरात सोसायट्यांच्या भिंतींवर रंगाऱ्यांचे झुले लोंबत असतात. सगळ्यांनाच काम मृगाच्या आत हवं असतं, त्यामुळे सगळीकडे घाई. २०२४ च्या फेब्रुवारीत ‘पीएम सूर्यघर’ योजना आल्यापासून यात सोलर बसवणाऱ्या पोरांची भर पडली आहे. त्यांना पावसाळ्याचं कारण लागत नाही, ते बारा महिने छतावर.

यातल्या बऱ्याच जणांच्या अंगावर आता सेफ्टी बेल्ट दिसतो. तो ऑनलाइन मिळतो, हार्डवेअरच्या दुकानात मिळतो, आणि कामगार कल्याणकारी मंडळाकडे नोंदणी झालेल्या बांधकाम कामगारांना सुरक्षा संचात हेल्मेट-बुटांबरोबर मिळालेला असतो. चांगलीच गोष्ट आहे. पण जरा जवळ जाऊन बघा. बेल्टचा हुक कमरेलाच लटकवलेला असतो, नाहीतर केबलवाल्याच्या पाइपला. विचारलं तर उत्तर ठरलेलं: “बेल्ट आहे ना साहेब!”

उंचीवर माणूस पडता पडता वाचतो तो चार गोष्टी जुळून आल्या म्हणून. अंगावरचा पट्टा, त्याची दोरी, ती दोरी जिथे अडकवली ती जागा, आणि खाली उरलेलं मोकळं अंतर. पहिल्या दोन दुकानात मिळतात. उरलेल्या दोन त्या छतावर जाऊन शोधाव्या लागतात, आणि जीव वाचतो की जातो हे बहुतेक वेळा त्या दोनच ठरवतात. आपल्याकडे चर्चा मात्र पहिलीवर सुरू होऊन पहिलीवरच संपते.

दोरी तुटत नाही, मग माणसाला काय होतं?

ऐंशी किलोचा माणूस दोन मीटर खाली पडला आणि मग दोरीने त्याला धरलं, असं समजा. दोन मीटर म्हणजे फार नव्हे, साधारण दाराच्या चौकटीएवढं. पण तेवढ्यात त्याचा वेग ताशी २२ किलोमीटरच्या पुढे गेलेला असतो आणि वेळ गेलेला असतो पाऊण सेकंदाहूनही कमी. त्यामुळे ‘पडताना काहीतरी पकडेन’ ही समजूत सोडून द्यावी. पडतोय हे कळेपर्यंत पडून झालेलं असतं.

आता दोरी ताणली गेली. प्रश्न असा की माणूस किती अंतरात थांबला? दोरी ताठ असेल, आणि दोरी, पट्टा, शरीर असं सगळं मिळून दहाच सेंटिमीटर ताणलं गेलं असेल, तर त्या क्षणी त्याच्या अंगावर स्वतःच्या वजनाच्या सरासरी एकवीस पट जोर येतो. म्हणजे सुमारे १,७०० किलोचा झटका. गणित शाळेतलंच आहे: पडलेलं अंतर अधिक थांबायला लागलेलं अंतर, भागिले थांबायला लागलेलं अंतर. २.१ भागिले ०.१. दोरी कदाचित टिकेल, मणका टिकणार नाही.

हेच थांबणं अर्ध्या मीटरवर पसरवलं तर? २.५ भागिले ०.५, म्हणजे पाच पट, ४०० किलो. जोरदारच आहे, पण धडधाकट माणूस यातून उठून बसतो. हे अर्ध्या मीटरचं काम करते ती दोरीवरची जाडसर पिशवी, म्हणजे शॉक ॲब्सॉर्बर. तिच्यात पट्टा घडी घालून शिवलेला असतो. झटका आला की ती शिवण एकेक टाका उसवत जाते आणि त्या उसवण्यातच पडण्याचा जोर खर्ची पडतो. युरोपच्या मानकात असा ॲब्सॉर्बर असताना अंगावर ६ किलोन्यूटनपेक्षा, म्हणजे ढोबळपणे ६०० किलोपेक्षा, जास्त जोर येऊ द्यायचा नाही अशी मर्यादा आहे.

पिशवी नसलेली दोरी स्वस्त पडते म्हणून लोक तीच घेतात. कुठे कुठे तर पिशवीची शिवण ‘सुटायला लागली’ म्हणून सुताराच्या खिळ्याने नाहीतर टेपने आवळून टाकलेली दिसते. आवळलेली पिशवी म्हणजे पुन्हा ताठ दोरी.

जोर येतो कुठे, हाही भाग आहे. जुना कमरपट्टा तो सगळा झटका पोटावर आणि पाठीच्या खालच्या भागावर घेतो. माणूस मधोमध घडी होऊन लटकतो, श्वास कोंडतो, क्वचित पट्ट्यातून वर सरकून निसटतोही. अमेरिकेत १ जानेवारी १९९८ पासून पडणाऱ्याला अडवण्यासाठी नुसता कमरपट्टा वापरायला बंदी आहे. आपल्याकडे तो अजून दुकानात टांगलेला दिसतो. पूर्ण अंगाचा हार्नेस जोर मांड्या, नितंब आणि खांद्यांवर वाटून देतो. त्याची मुख्य कडी पाठीवर, दोन खवाटांच्या मध्ये असते, म्हणजे पडलेला माणूस डोकं वर ठेवून लटकतो. कमरेच्या दोन बाजूंच्या कड्या विजेच्या खांबावर टेकून काम करण्यासाठी असतात. पडण्यापासून वाचायला त्या कड्या वापरायच्या नाहीत.

हार्नेस घालताना सर्वांत जास्त टाळाटाळ होते ती मांड्यांच्या पट्ट्यांची. काचतात म्हणून सैल ठेवतात, किंवा लावतच नाहीत. पट्ट्याखाली सपाट पंजा जावा पण मूठ जाऊ नये, इतपत घट्ट हवा. हेल्मेटचंही तसंच: हनुवटीचा पट्टा न लावलेलं हेल्मेट माणसाच्या आधी खाली पोहोचतं.

सहा मीटरचा हिशोब

आता मुख्य गोष्टीकडे येऊ, कारण बेल्ट विकणारा हे सांगत नाही आणि घेणारा विचारत नाही.

एका पत्र्याच्या शेडवर माणूस काम करतोय. त्याच्या दोरीची लांबी आहे १.८ मीटर, बाजारात सर्रास मिळते ती. हुक त्याने पायाशीच, छताच्या लोखंडाला अडकवला. त्याची पाठीवरची कडी पायापासून सुमारे दीड मीटर उंच. तो कडेवरून गेला. आधी कडी हुकाच्या पातळीपर्यंत येईल, हे दीड मीटर. मग दोरी ताणली जाईपर्यंत आणखी १.८ मीटर. म्हणजे ३.३ मीटर तर तो मोकळाच पडला, वेग ताशी २९ किलोमीटरच्या आसपास. मग ॲब्सॉर्बर उसवायला लागला. मानकाप्रमाणे तो पावणेदोन मीटरपर्यंत लांबू शकतो. तो थांबला तेव्हा त्याचे पाय कडीच्या आणखी दीड मीटर खाली. आणि पट्टे ताणले जातात, माणूस झुलतो, म्हणून एक मीटर हातचा राखायचा.

बेरीज करा. १.८, १.७५, १.५ आणि १. हुकाच्या जागेपासून खाली सहा मीटरहून थोडं जास्त, म्हणजे वीस फूट, मोकळं हवं. आता सांगा, आपल्याकडची किती घरं वीस फूट उंच आहेत? गावातल्या घराचं पाखं वळचणीपाशी आठ-दहा फुटांवर असतं. गोठा, पडवी, दुकानाचा गाळा, लहान वर्कशॉप बारा ते पंधरा फुटांत संपतात. अशा छतावर, नियमाप्रमाणे बेल्ट घालून, नियमाप्रमाणे हुक लावून, माणूस थेट जमिनीवर आपटू शकतो. दोरी पुरती ताणलीच जात नाही.

हुक वर नेला की सगळं बदलतं. तीच दोरी, तोच माणूस, पण हुक खांद्याच्या उंचीवर असेल तर मोकळं पडणं ३.३ वरून १.८ मीटरवर येतं. हुक डोक्याच्या बराच वर, दोरी जवळजवळ ताणलेली असेल, तर पडणंच उरत नाही, माणूस नुसता दोरीवर बसतो. या क्षेत्रातली माणसं याला ‘फॉल फॅक्टर’ म्हणतात: पडलेलं अंतर भागिले दोरीची लांबी. डोक्यावर हुक असेल तर शून्याजवळ, खांद्याशी एक, पायाशी जवळजवळ दोन. दहीहंडीत अगदी वरच्या थरावरच्या गोविंदाच्या पाठीला वरून सोडलेला दोर लावतात, तो शून्याजवळचा फॅक्टर. थर कोसळले तरी पोरगं जागच्या जागी तरंगत राहतं. तिथे क्रेन असते, खाली दोर धरणारा माणूस असतो, सगळी तयारी त्या एका क्षणासाठी असते. छतावरच्या मिस्त्रीला ती चैन नसते. छताच्या वर आभाळ असतं, हुक लावायला काही नसतं. छतावरच्या कामाची खरी अडचण हीच आहे.

थोडी मदत होते ती आपोआप आत ओढल्या जाणाऱ्या पट्ट्याच्या ब्लॉकची. साइटवर याला नुसतं ‘फॉल अरेस्टर’ म्हणतात. गाडीच्या सीटबेल्टसारखाच तो हळू ओढला तर येतो आणि झटका बसला की अडकतो. त्यामुळे मोकळं पडणं फार कमी होतं. पण तोही साधारणपणे वरच टांगायचा असतो. छतावर आडवा टाकून वापरायचा असेल तर तीक्ष्ण कडेवर चाचणी झालेलाच घ्यावा लागतो, कारण पत्र्याची धार साध्या पट्ट्याला कापू शकते.

बुटक्या छतावर: पडूच द्यायचं नाही

म्हणून बैठ्या घरासाठी माझं मत स्पष्ट आहे. पडणाऱ्याला झेलण्याचा विचार सोडा, त्याला कडेपर्यंत पोहोचूच देऊ नका.

याचा सगळ्यात साधा मार्ग म्हणजे दोरी आखूड ठेवणं. सपाट गच्चीवर सोलरचं काम आहे, मधोमध पक्की जागा आहे, कड चार मीटरवर आहे. दोरी अशी बांधा की माणूस कडेच्या एक मीटर अलीकडेच अडेल. तो पडणारच नाही, त्यामुळे झटक्याचा, उंचीचा, ॲब्सॉर्बरचा सगळा हिशोब गळून पडतो. हार्नेस तोच, दोरी तीच, फक्त लांबीचा विचार आधी केला. हे फुकटात होणारं काम असून सर्वांत कमी केलं जातं. जास्त करून कोपरे विसरले जातात: मधल्या जागेपासून समोरची कड चार मीटरवर असली तरी बाजूला सरकलं की दुसरी कड जवळ येते.

दुसरा मार्ग कठड्याचा. गच्चीला कंबरेएवढा पॅरापेट असेल तर तोच सर्वांत मोठा रक्षक, कारण त्याला हुक लावायची आठवण ठेवावी लागत नाही. घराचं काम सुरू असताना स्लॅबच्या कडेला, लिफ्टच्या खड्ड्यापाशी, जिन्याच्या कडेला पाइपचा तात्पुरता कठडा हवा: वर एक आडवी पट्टी, मध्ये एक, आणि तळाशी फळी, जिच्यामुळे वीट-हातोडा खाली जाणार नाही. स्लॅबमधल्या भोकावर नुसतं प्लायवुड टाकून ठेवणं वाईटच, कारण कोणीतरी ते प्लायवुड उचलतो आणि पुढे पाऊल टाकतो. झाकण खिळ्यांनी ठोकलेलं आणि त्यावर खूण केलेली हवी.

तिसरा मार्ग परांचीचा. वळचणीच्या पन्हळीचं काम असेल तर छतावर चढून खाली वाकण्यापेक्षा खालूनच परांची उभी करून करावं. चाकाची परांची भाड्याने मिळते. चाकं लॉक करायची आणि वर माणूस असताना ती ढकलायची नाही. बांबूची परांची आपल्याकडची मुरलेली कला आहे, तिच्याबद्दल तक्रार नाही. तक्रार आहे ती तिच्यावरच्या एका सुट्या फळीबद्दल. पाय ठेवायची जागा किमान दोन फळ्यांची, दोन्ही टोकांना बांधलेली असली पाहिजे. आणि इमारतीभोवती जी हिरवी जाळी लावतात ती धूळ आणि खडे अडवायला असते. माणूस झेलायची जाळी वेगळी, जाड दोराची, चारी बाजूंनी पक्की बांधलेली असते आणि तिच्या खालीही मोकळी जागा लागते. हिरव्या जाळीच्या भरवशावर कडेला उभे राहणारे लोक दिसतात, म्हणून सांगितलं.

शिडीबद्दल थोडक्यात. चार फूट उंचीला एक फूट पाया बाहेर, वरच्या टेकूच्या पुढे शिडी तीन फूट तरी जास्त हवी, आणि वरचं टोक बांधलेलं. जवळून विजेच्या तारा जात असतील तर ॲल्युमिनियमची शिडी आणूच नये. सोलरवाल्यांनी हेही लक्षात ठेवायचं की ऊन पडलं की पॅनलमध्ये वीज तयार होतेच, मेन स्विच बंद असला तरी. तो धक्का जीवघेणा ठरू शकतो, आणि नाही ठरला तरी दचकून मागे सरकायला पुरेसा असतो, आणि मागे छताची कड असते.

सिमेंटचा पत्रा

सगळ्यात जास्त फसवतो तो हा. वरच्या सगळ्या उपायांत आपण माणूस कडेवरून पडेल असं धरलं. सिमेंटच्या पत्र्यावर माणूस मधोमध, जिथे तो उभा आहे तिथेच, खाली जातो. त्याला ना कड दिसते, ना तोल जातो. पाऊल पडतं आणि पत्रा तुटतो.

सिमेंटचा पत्रा पाऊस अडवायला बनवलेला असतो, माणूस पेलायला नाही, अगदी नवा असला तरी. त्यात वीस-तीस उन्हाळे-पावसाळे गेले की तो आणखी ठिसूळ होतो. उजेडासाठी मधे मधे बसवलेले फायबरचे पत्रे तर त्याहून वाईट. नवे असताना ते निदान ओळखू येतात. धूळ बसली, शेवाळ चढलं, कोणी एकदा वरून रंग मारला की वरून सगळं छत एकसारखं दिसतं. चढण्याआधी शेडच्या आत जाऊन वर बघायचं. जिथून उजेड येतो त्या जागा मोजायच्या आणि वर चढल्यावर खडूने खुणा करायच्या. पाच मिनिटांचं काम आहे.

जुने मिस्त्री सांगतात, “बोल्टच्या ओळीवरून चाल, खाली पर्लिन असते.” यात तथ्य आहे, पण अर्धंच. पर्लिन, म्हणजे पत्रा जिच्यावर बसतो ती आडवी पट्टी, खाली असते हे खरं, पण ती काही इंचच रुंद. हातात पत्रा, वर ऊन, पायाखाली शेवाळ, आणि त्या पट्टीवरून एक पाऊल बाजूला पडलं की संपलं. बोल्टची ओळ वाट दाखवते, आधार देत नाही.

योग्य पद्धत म्हणजे रुंद फळ्या, किमान दोन पर्लिनवर टेकणाऱ्या आणि घसरू नयेत म्हणून बांधलेल्या. एका फळीवर उभं राहून दुसरी पुढे सरकवायची, म्हणून निदान दोन लागतात. ही काही हौस नाही. कारखान्यांसाठीच्या नियमांत अशा ठिसूळ छतांवर फळ्या किंवा छतावरच्या शिड्या आणि कामाचा लेखी परवाना यांची तरतूद आहे, आणि १९४८ च्या कारखाने कायद्याच्या कलम ३२ मध्ये पडण्याचा धोका असलेल्या उंचीवर कुंपण किंवा तशी दुसरी सोय करण्याचं बंधन घातलं होतं. तरी शेड मालकाला फळ्यांचं भाडं जास्त वाटतं.

त्याहून चांगली पद्धत म्हणजे वर चढायचंच नाही. एखादा पत्रा बदलायचा असेल तर खालून परांची लावून किंवा सिझर लिफ्ट आणून तो आतून काढता-बसवता येतो. आत मशिनरी आहे, प्रॉडक्शन बंद ठेवावं लागेल, ही कारणं मला माहीत आहेत. तरीही मालकाला विचारावं, कारण बऱ्याचदा त्याला हा पर्याय कोणी सांगितलेलाच नसतो. जुन्या सिमेंट पत्र्यांत ॲस्बेस्टॉसचे तंतू असतात, तेव्हा ते हातोडीने फोडून खाली टाकण्याऐवजी बोल्ट काढून अख्खे उतरवावेत, हे जाता जाता.

हुक कशाला अडकवायचा

अमेरिकेच्या नियमांत एका माणसासाठीची हुकाची जागा ५,००० पौंड, म्हणजे सुमारे २,२७० किलो ओढ सोसणारी असावी असं म्हटलं आहे. आकडा पाठ करायची गरज नाही, एक प्रश्न पुरे: या जागेला एखादी छोटी मोटार टांगली तर राहील का? आरसीसीचा कॉलम, बीम, शेडचा मुख्य लोखंडी ट्रस, पाण्याच्या टाकीखालचे काँक्रीटचे खांब, हे राहतील. डिश अँटेनाचा पाइप, गॅलरीचं ग्रिल, प्लास्टिकची टाकी, पाण्याची लाइन, विटांचा कठडा, पत्रा जिच्यावर बसलाय ती पातळ पर्लिन, यातलं काही राहणार नाही. कॉलमला थेट दोरी गुंडाळण्यापेक्षा त्यासाठी मिळणारा चपट्या पट्ट्याचा फास वापरावा, आणि काँक्रीटची कोर जिथे घासते तिथे जाड पोतं किंवा रबर घालावं. दोरीला गाठ मारली की तिची ताकद तिसऱ्या हिश्श्यापासून निम्म्यापर्यंत घटते, हेही हिशोबात धरा.

कौलारू घरावर एक जुनी रीत आहे: दोर आढ्यावरून पलीकडे टाकायचा आणि मागच्या अंगणातल्या झाडाला बांधायचा. रीत वाईट नाही. झाड जिवंत आणि बुंध्याने दणकट हवं, दोर नवा हवा, आणि माणूस दोराला गाठीने बांधलेला नसून रोप ग्रॅबने, म्हणजे दोरावर सरकणाऱ्या आणि झटका बसला की अडकणाऱ्या पकडीने, जोडलेला हवा, म्हणजे तो वर-खाली सरकेल तशी दोरी आखूड होत जाईल. झाडाऐवजी गाडीला मात्र बांधू नका. गाडी कोणीतरी काढतोच.

दोन कॉलमच्या मध्ये आडवा दोर बांधून त्याला सगळ्यांनी हुक लावायचे, ही लाइफलाइन साइटवर नेहमी दिसते. तिच्यातली गंमत अशी की ती जितकी ताठ बांधावी तितकी धोक्याची होते. माणूस पडला की दोर मध्ये थोडा खाली झुकतो. ताठ दोर कमी झुकतो, आणि कोन जितका लहान तितका दोन्ही टोकांवरचा ताण मोठा. दोर आडव्या रेषेपासून पाचच अंश झुकला तर प्रत्येक टोकावर पडणाऱ्याच्या झटक्याच्या पावणेसहा पट ओढ येते. ६०० किलोचा झटका टोकाला साडेतीन हजार किलोच्या आसपास होतो. सैल बांधला तर टोकं वाचतात, पण माणूस जास्त खाली जातो, आणि पुन्हा खालच्या मोकळ्या जागेचा प्रश्न येतो. म्हणून आडवी लाइफलाइन हा मिस्त्रीच्या अंदाजाने करायचा प्रकार नाही, तिचा हिशोब इंजिनिअरने करावा. आणि एका लाइनवर किती जण, तेही त्यानेच सांगावं.

हुक बाजूला असण्याचाही एक धोका आहे. हुक आढ्यावर मधोमध, माणूस सरकत सरकत छताच्या टोकाशी गेलाय. तिथून पडला तर तो सरळ खाली जात नाही, घड्याळाच्या लंबकासारखा झुलत हुकाच्या रेषेकडे येतो आणि वाटेतल्या भिंतीवर किंवा खांबावर आदळतो. दोरी उतरत्या कडेवर घासत कापली जाते ती वेगळीच. म्हणून बाजूला सरकायचं तर हुकही सरकवायचा. त्यासाठीच दोन हुकांची दोरी असते: एक पुढे लावल्याशिवाय मागचा काढायचा नाही. साइटवर चांगला सुपरवायझर दिवसभर एकच विचारत फिरतो, “हुक लावला का?” कंटाळवाणं आहे, पण त्याचा पगार त्याचसाठी असतो.

भिंत रंगवणाऱ्यांच्या झुल्याला बऱ्याचदा एकच दोर असतो आणि माणूसही त्याच दोरावर असतो. दोर तुटला की दोन्ही गेले. झुल्याचा दोर वेगळा, माणसाचा वेगळा, आणि दोन्ही गच्चीवर वेगवेगळ्या जागी बांधलेले, इतकं तरी सोसायटीच्या सेक्रेटरीने काम देतानाच लिहून घ्यावं. गच्चीचं दार कुलूपबंद ठेवावं, म्हणजे कपडे वाळत घालायला आलेलं कोणी दोर ‘आडवा येतो’ म्हणून सोडणार नाही.

बेल्टने अडवलं, पुढे?

माणूस वाचला, लटकतोय. आता घड्याळ सुरू झालं. हार्नेसमध्ये निश्चल लटकलं की मांड्यांच्या पट्ट्यांचा दाब आणि पाय न हलणं यामुळे रक्त पायांत साचत जातं, मेंदूकडे कमी पोहोचतं. भोवळ येते, आणि शुद्ध हरपली की पाय हलायचे पूर्णच थांबतात. हे काही मिनिटांतही होऊ शकतं. म्हणून ‘फायर ब्रिगेडला बोलवू’ हा पूर्ण बेत होत नाही. फोन करायचाच, पण त्याच वेळी शिडी, परांची, खालच्या मजल्याची खिडकी, यांतलं काय वापरून त्याला उतरवायचं हे सकाळी काम सुरू होण्याआधी ठरलेलं असावं. लटकलेल्याने पाय हलवत राहावं. दोरीचा एक फास पायात घेऊन त्यावर उभं राहता आलं तर उत्तम. त्यासाठी हार्नेसलाच छोट्या पट्ट्या जोडलेल्या मिळतात.

उतरवलेल्या माणसाला आडवं करू नये, बसवूनच ठेवावं, असा एक समज बरीच वर्षं चालत आला. ब्रिटनच्या आरोग्य आणि सुरक्षा खात्याने २००९ मध्ये त्याचा आढावा घेतला तेव्हा त्याला आधार सापडला नाही. नेहमीचे प्रथमोपचार करायचे: बेशुद्ध असेल तर आडवं करून श्वास बघायचा आणि दवाखान्यात न्यायचं. तो उठून चालायला लागला तरीही न्यायचं.

याचा सरळ अर्थ, एकट्याने छतावर जायचं नाही. आणि मे महिन्यात दुपारी तर नाहीच. तापलेल्या पत्र्यावर भोवळ येण्यासाठी लटकायचीही गरज नसते.

घेताना आणि टाकताना

हार्नेस घेताना आयएस ३५२१ आणि हेल्मेट घेताना आयएस २९२५ हे आकडे आयएसआयच्या खुणेसह लेबलवर बघा. लेबलच नसेल तर घेऊ नका. निर्मितीचं साल बघा. दोरी शॉक ॲब्सॉर्बरसकट घ्या. हुक एका बोटाने उघडणारा नसावा, दोन हालचाली लागणारा हवा.

रोज घालण्याआधी पट्टा हातातून सरकवत बघायचा: चिरा, वेल्डिंगच्या ठिणग्यांची भोकं, रंगाने कडक झालेला भाग, उसवलेले टाके, उन्हाने पांढरट पडलेला रंग. नायलॉनला ॲसिड मारतं, पॉलिस्टरला तीव्र क्षार, आणि ओलं सिमेंट क्षारीच असतं, त्यामुळे सिमेंट लागलं की साध्या साबणाने धुऊन सावलीत वाळवायचं. टेम्पोच्या हौद्यात डिझेलच्या कॅनशेजारी टाकून ठेवायचं नाही.

हे सगळं कोणी बघायचं? बांधकाम कामगारांचा १९९६ चा कायदा दहा किंवा अधिक कामगारांच्या कामांसाठी बेतलेला होता. दोन माणसं बोलावून घराचे पत्रे बदलून घेणारा त्या चौकटीत येत नव्हता. म्हणजे तिथे इन्स्पेक्टर येणार नाही. घरमालकाने मजुरी ठरवतानाच फळ्यांचं आणि परांचीचं भाडं वेगळं धरावं आणि तसं मिस्त्रीला सांगावं. नाहीतर तो ते भाडं स्वतःच्या मजुरीतून जाणार म्हणून टाळतो, आणि त्याला दोष देता येत नाही.

एकदा माणूस झेललेला हार्नेस आणि त्याची दोरी पुन्हा वापरायची नाही, दिसायला कितीही चांगली असली तरी. ॲब्सॉर्बर उसवला नसेल तरीही नाही. आणि टाकून देताना पट्टे कात्रीने जागोजागी कापून टाका. अख्खा टाकला तर भंगारातून तो बाजारात येतो, आणि पुढच्या मे महिन्यात दुसऱ्याच कोणाच्या अंगावर असतो.